सवय म्हणजे सेफ्टी बेल्ट नव्हे

सदाशिव पेठेतल्या सोसायट्यांच्या सभांमध्ये हल्ली पार्किंग आणि पाण्याच्या जोडीला सोलरचा विषय हमखास निघतो. तीन-चार कोटेशनं टेबलावर येतात, पैसे किती वर्षांत वसूल होतील याचा हिशेब होतो, सबसिडी कधी जमा होणार याची चौकशी होते. मग एखादा सभासद विचारतो, वर काम करणाऱ्या मुलांच्या सुरक्षेचं काय? त्यासाठी किती धरलेत? उत्तर ठरलेलं असतं. "अहो, दोन दिवसांचं काम आहे. पोरं सवयीची असतात. व्हेंडर सरकारी यादीतला आहे, महावितरण मीटर बसवताना तपासून घेतंच. उगाच बाऊ केलात तर दर वाढेल आणि लोक सोलरच्या वाटेला जाणार नाहीत."

हा युक्तिवाद मी चांगल्या शिकल्यासवरलेल्या, भल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. त्यामागे वाईट हेतू नसतो. पण त्यातलं एकेक वाक्य चुकीचं आहे आणि त्या चुकीची किंमत मोजायची वेळ येते ती शिडीवर उभ्या असलेल्या विशीतल्या मुलावर. म्हणून त्याला मुद्द्यागणिक उत्तर दिलं पाहिजे.

माझी बाजू आधीच सांगतो. छतावरचं सोलर हवंच. 13 फेब्रुवारी 2024 रोजी पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. एक कोटी घरांचं उद्दिष्ट आणि 75,021 कोटी रुपयांची तरतूद असलेली ही योजना आहे. घरगुती ग्राहकाला 3 किलोवॅटसाठी 78,000 रुपये अनुदान मिळतं, सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये. ही योजना पुरती यशस्वी व्हावी असं मला मनापासून वाटतं. सोलर बंबांच्या काळापासून गच्चीवरचं ऊन वापरणाऱ्या पुण्यानं तर यात पुढे असायला हवं. माझी मागणी एवढीच आहे की वर चढणाऱ्याच्या सुरक्षेचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहिलेला असावा, तो आपण द्यावा, आणि दिल्यानंतर ती साधनं वापरली जात नसतील तर काम थांबवावं.

आता पहिलं वाक्य. 'दोन दिवसांचं काम.' काम किती दिवसांचं यावरून ते किती धोक्याचं हे ठरत नाही. ते कुठे होतं यावरून ठरतं. पेठेतल्या गच्च्या डोळ्यांपुढे आणा. वाडे पडले, त्यांच्याच लहानशा जागांवर चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या, भिंतीला भिंत लागून. शेजारच्या इमारतीची सावली टाळायची म्हणून पॅनेल उंचावर न्यावे लागतात. शिवाय गच्ची कोणाला गमवायची नसते. वाळवणं असतात, सकाळचं फिरणं असतं, कोजागिरी असते. म्हणून ग्राहक सांगतो, खालून माणूस चालत गेला पाहिजे असं स्ट्रक्चर करा. मग पॅनेल आठ-दहा फुटांवर जातात. गच्चीचा कठडा असतो तीन-साडेतीन फुटांचा. स्ट्रक्चरच्या पट्टीवर पाय टेकवून बोल्ट आवळणाऱ्या मुलाची पावलंच कठड्याच्या कितीतरी वर असतात. गच्चीवर उभ्या माणसाला जो कठडा वाचवतो, तो त्याच्या कामाचा राहत नाही. जागा कमी पडली तर जिन्याच्या टोपीवर किंवा पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर पॅनेल लागतात. तिथे तर कठडाच नसतो.

पंधरा मीटरवरून पडणारा माणूस दोन सेकंदांच्या आत जमिनीवर येतो आणि तेव्हा त्याचा वेग ताशी 60 किलोमीटरच्या आसपास असतो. हात पुढे करून काही धरायला, ओरडायलाही वेळ नाही.

पॅनेल वर कसे जातात तेही एकदा उभं राहून बघा. आज सर्रास लागणारा 540 वॅटचा पॅनेल साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि सुमारे 28 किलोंचा असतो. पेठेतल्या अरुंद जिन्यात तो वळत नाही. मग तो गल्लीच्या बाजूनं दोरानं ओढतात. आमच्या गल्लीत मी हे काम चालू असताना पाहिलं आहे. खाली एक मुलगा पॅनेलला दोर बांधत होता. वर दोघं कठड्याला गुडघे टेकून, कमरेतून बाहेर वाकून ओढत होते. तिसरा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बांबूनं पॅनेल इंटरनेटच्या वायरींपासून लांब ढकलत होता. कोणाच्याही अंगावर बेल्ट नव्हता, वरच्या दोघांपैकी एकाच्या पायांत स्लिपर होत्या. खालून स्कूटर जात-येत होत्या, शाळा सुटलेली मुलं चालली होती. गल्ली अडवायला, लोकांना थांबवायला एकही माणूस नेमलेला नव्हता. काम पार पडलं, चहा झाला, सगळे घरी गेले. "बघा, काही झालं का?" असं म्हणायला एक उदाहरण तयार झालं.

त्या वेळी वारा पडलेला होता, म्हणून काही झालं नाही. अडीच चौरस मीटरहून मोठा तो पॅनेल वाऱ्याला आडवा आला की शिडासारखा फुगतो. ताशी 50 किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावर तीस किलोंच्या आसपास जोर येतो, म्हणजे पॅनेलच्या स्वतःच्या वजनाइतका, आणि तोही आडवा. कठड्याबाहेर वाकलेल्या माणसाचा तोल जायला एवढा पुरेसा आहे. पुण्यासाठी भारतीय मानकानं धरलेला पायाभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर आहे. तो काही कागदी आकडा नाही. 17 एप्रिल 2023 रोजी वादळी वाऱ्यात पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्याला होर्डिंग कोसळून 5 जण गेले. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरला तसंच होर्डिंग कोसळून 17 जण गेले. एप्रिल-मे म्हणजे वळवाचे दिवस, आणि "पावसाळ्याच्या आत उरकून टाका" म्हणत आपण सोलरची घाई करतो तेही हेच दिवस. अर्धे बोल्ट लावलेलं स्ट्रक्चर संध्याकाळी तसंच सोडून टोळी निघून जाते, तेव्हा धोका एकट्या कामगाराचा राहत नाही. खाली गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस त्यात ओढला जातो.

दुसरं वाक्य. 'पोरं सवयीची असतात.' सवयीनं हात चालतो, हे खरं. पण सवय तोल गेलेल्या माणसाला धरून ठेवत नाही. उलट, शंभर दिवस बेल्टशिवाय काम करून काही झालं नाही की बेल्ट लागतच नाही हा धडा पक्का होतो. तो धडा एकशे एकाव्या दिवशी खोटा ठरला तर दुरुस्त करायला माणूस उरत नाही. आणि सवय म्हणजे तरी कोणाची? टोळीत दोघं मुरलेले असतात आणि दोघं गेल्या महिन्यात गावाकडून आलेले. मे महिन्यात भर दुपारी तापलेल्या लोखंडावर चार तास काढल्यावर चक्कर येते, ती मुरलेल्यालाही येते. पहिल्या पावसानंतर गच्चीवर शेवाळ धरतं, ते अनुभव विचारून पाय घसरवत नाही.

याच्या मुळाशी मजुरीची रीत आहे. बसवणाऱ्या टोळीला बहुतेकदा किलोवॅटमागे पैसे मिळतात. बेल्ट चढवायला, दोर बांधायला, जागा बदलताना हूक काढून पुन्हा लावायला जो वेळ जातो, तो त्यांच्याच कमाईतून जातो. अशा मुलाला "जपून रे बाबा" म्हणणं म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या अंगावर ढकलणं आहे. तो जपेल, पण त्या वेळेचे पैसे त्याला कोणी दिले तर.

कधीकधी बेल्ट असतोही, आणि मग वाटतं की प्रश्न सुटला. बेल्ट कुठे बांधला आहे हे बघा. पडणाऱ्या माणसाला झेलताना झटका शोषणारा लॅनयार्ड, म्हणजे बेल्ट आणि हूक जोडणारा दोर, तो झटका सहाशे किलोंच्या भाराइतक्या मर्यादेत ठेवतो. म्हणजे जिथे हूक अडकवला तिथे एवढा, किंबहुना याहून जास्त भार पेलला गेला पाहिजे. पाण्याचा पाइप, डिश अँटेनाचा खांब, अर्धवट आवळलेलं स्ट्रक्चर यातलं काहीही तो पेलणार नाही. हूक लागतो आरसीसी कॉलमला किंवा बीमला पक्क्या बसवलेल्या अँकरला. कमरेभोवतीचा जुना पट्टाही चालत नाही. मांड्या, छाती, खांदे धरणारा फुल बॉडी हार्नेस लागतो, आयएसआय खूण असलेला.

याच बोलण्याच्या जोडीला येणारी तिसरी समजूत विजेची. "मेन बंद केला की झालं, आणि सोलरचा करंट तो काय!" हा गैरसमज फार महागात पडू शकतो. एका पॅनेलचा दाब 45-50 व्होल्ट, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. पण पॅनेल एकामागे एक जोडून स्ट्रिंग होते. 540 वॅटचे सहा पॅनेल, म्हणजे जेमतेम सव्वातीन किलोवॅट, जोडले की उघड्या टोकांवर 300 व्होल्टच्या आसपास डीसी दाब उभा राहतो. सोसायटीच्या मोठ्या यंत्रणेत तो सहाशे-आठशेच्या घरात जातो. हा दाब मेन स्विच बंद केल्यानं जात नाही, कारण तो महावितरणकडून आलेलाच नाही. ऊन आहे तोवर पॅनेल जिवंत आहे. घरातला आरसीसीबी एसी बाजूचा, त्याला डीसी बाजूला काय चाललंय याचा पत्ता नसतो.

डीसीची ठिणगीही वेगळी. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे पेटलेली ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीत ती संधी नाही. चालू भारावर पॅनेलच्या तारा जोडणारा एमसी-फोर कनेक्टर ओढला तर हातातच ज्वाळा उभी राहते. आणि फ्यूज उडेल या भरवशावर राहू नये, कारण पॅनेलचा शॉर्ट सर्किट प्रवाह त्याच्या नेहमीच्या प्रवाहाहून थोडाच जास्त असतो. फ्यूजला वेगळं काही घडतंय हे कळतच नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत दाबून बसवले, क्रिम्पिंगच्या योग्य हत्याराऐवजी पकडीनं तार चेपली, की तो सांधा आज चालतो आणि दोन उन्हाळ्यांनी तापायला लागतो. धक्का बसल्याचा आणखी एक परिणाम होतो. जमिनीवर उभ्या माणसाला जो धक्का नुसता झटकून टाकेल, तोच धक्का आठ फुटांवरच्या पट्टीवर उभ्या मुलाला खाली पाडतो. वीज आणि उंची यांचा विचार वेगवेगळा करून भागत नाही.

अर्थिंगचंही तेच. डीसी-एसी यंत्रणा आणि लायटनिंग अरेस्टर यांच्यासाठी स्वतंत्र अर्थिंगचे खड्डे लागतात. सर्वसाधारणपणे तीन घेतात. पेठेतल्या सोसायटीत मोकळी जमीन नसते, पार्किंगची फरशी फोडावी लागते, सभासद कुरकुर करतात. मग एकाच खड्ड्यावर सगळं उरकायचा मोह होतो. फरशी पुन्हा बसवता येते. वीज पडली आणि तिला जमिनीत जायला नीट वाट मिळाली नाही, तर ती घरातली वाट शोधते.

चौथा मुद्दा. 'व्हेंडर सरकारी यादीतला आहे, महावितरण तपासतंच.' यादीचा उपयोग आहे. माल प्रमाणित असावा, पाच वर्षं देखभाल मिळावी, अनुदान अडू नये, याची काळजी तिथे घेतली जाते. पण यादीत नाव कंपनीचं असतं. तुमच्या गच्चीवर येणारी टोळी कित्येकदा उपठेकेदाराची असते. महावितरणची तपासणी मीटर लागताना होते, म्हणजे काम संपल्यावर. वर चढलेला माणूस त्याआधी सुखरूप उतरला की नाही, हे ती तपासणी पाहत नाही.

मग कायदा? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांप्रमाणे विजेचं काम परवानाधारक ठेकेदारानं, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं असतं. तो परवाना वायरिंगचा आहे, उंचीवर चढण्याचा नाही. बांधकाम कामगारांसाठीच्या 1996 च्या कायद्यानं दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाच कक्षेत घेतलं. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या व्याख्येतही लहान कामं आणि स्वतःच्या राहत्या घराची ठरावीक खर्चापर्यंतची कामं वगळलेली आहेत. चार जणांची टोळी त्या चाळणीतून सरळ खाली पडते. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण ते कलम लागतं माणूस गेल्यावर. तो जिवंत असताना, त्या दोन दिवसांत, ते काम उघड्या डोळ्यांनी बघू शकणारी आणि थांबवू शकणारी व्यक्ती एकच आहे. जिनं वर्क ऑर्डरवर सही केली, ती.

"पण असे किती अपघात झालेत? आकडे दाखवा." हाही प्रश्न येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात देशभर विजेच्या धक्क्यानं दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं गेल्याचं दिसतं. उंचावरून पडून मेलेल्यांचीही नोंद आहे. पण सोलर बसवताना गेलेल्यांचा वेगळा रकाना नाही. तो मुलगा 'उंचावरून पडला' किंवा 'विजेचा धक्का' यात मोजला जातो. रकाना नाही म्हणून मृत्यू नाहीत, असं म्हणता येणार नाही. उलट, एवढ्या मोठ्या सरकारी योजनेत अशी स्वतंत्र नोंद ठेवावी, ही मागणी आपण केली पाहिजे.

शेवटचं वाक्य सगळ्यात वजनदार आहे, आणि तेच सगळ्यात घातक आहे. 'बाऊ केला तर सोलरचा वेग मंदावेल.' याचं उत्तर ऑस्ट्रेलियानं फार मोठी किंमत मोजून दिलेलं आहे. 2009 मध्ये तिथल्या सरकारनं घराघरांच्या माळ्यावर उष्णतारोधक थर बसवण्याची अनुदान योजना काढली. हेतू उत्तम होता, ऊर्जा वाचावी आणि मंदीत हातांना काम मिळावं. अनुदानामुळे रातोरात लहान ठेकेदार उभे राहिले. काम वेगानं व्हावं म्हणून प्रत्यक्ष बसवणाऱ्याच्या प्रशिक्षणाची अट सैल केली गेली, प्रशिक्षित पर्यवेक्षक असला की झालं असं ठरलं. ऑक्टोबर 2009 ते फेब्रुवारी 2010 या काळात चार तरुण कामगार मेले. तिघं विजेच्या धक्क्यानं, एक माळ्यावरच्या उष्म्यानं. सगळ्यात लहान सोळा वर्षांचा होता. फेब्रुवारी 2010 मध्ये योजना बंद करावी लागली. पुढे रॉयल कमिशन नेमलं गेलं आणि 2014 च्या अहवालात सरकारची घाई आणि धोक्यांकडे झालेलं दुर्लक्ष यांवर ठपका आला. ती योजना सुरक्षेच्या बाऊमुळे बंद पडली नाही. सुरक्षेकडे पाठ फिरवल्यामुळे बंद पडली. आपली सूर्यघर योजना आणि ती योजना यांच्यातलं साम्य ज्याला दिसत नाही, त्यानं ते पुन्हा एकदा नीट पाहावं. अनुदान तेच, उद्दिष्टाची घाई तीच, आणि शिडीवर तशीच लहान ठेकेदाराची तरुण मुलं.

दर वाढण्याबद्दल बोलायचं तर चांगला फुल बॉडी हार्नेस काही हजारांत येतो आणि एका कामात संपत नाही. अँकर, लाइफलाइन, कप्पी, इन्सुलेटेड हातमोजे, हेल्मेट, गल्ली अडवणारा एक माणूस, एक जबाबदार सुपरवायझर, हे सगळं धरून घरगुती कामात जी भर पडते ती 78,000 च्या अनुदानापुढे किरकोळ आहे. सगळ्यात स्वस्त कोटेशन ज्या रकमेनं स्वस्त असतं, तीच ही रक्कम असण्याची शक्यता मोठी आहे. ती वजा झालेली असते वरच्या मुलाच्या अंगावरून. देशात सूर्यमित्र प्रशिक्षण 2015 पासून चालू आहे, शिकलेले तंत्रज्ञ आहेत. त्यांना काम मिळत नाही, कारण आपण त्यांच्या शिक्षणाची किंमत द्यायला तयार नसतो.

म्हणून सभेत कोटेशनं उघडली की पेबॅकच्या आधी हे विचारा. वर चढणारी माणसं कोण, त्यांचं प्रशिक्षण कुठे झालं, त्यांचा अपघात विमा आहे का आणि त्याची प्रत कुठे आहे? अँकर कोणत्या कॉलमला बसणार? पॅनेल कशानं वर चढवणार आणि तेव्हा खालची गल्ली कोण अडवणार? वारा सुटला तर काम थांबवण्याचा अधिकार कोणाचा? कनेक्टर शेवटी, इन्व्हर्टर आणि डीसी आयसोलेटर बंद असताना जोडले जातील ना? आग लागली तर अग्निशमन दलाच्या जवानाला तो आयसोलेटर कुठे सापडेल, त्यावर पाटी असेल का? ज्याला ही उत्तरं देता येत नाहीत, त्याचा दर कितीही कमी असो, कोटेशन बाजूला ठेवा. ज्याला देता येतात, त्याच्याशी सुरक्षेच्या या खर्चावरून घासाघीस करू नका.

आणि ठरावात एक वाक्य घाला: हार्नेस आणि अँकरशिवाय कोणीही कठड्यावर, टाकीवर वा स्ट्रक्चरवर चढणार नाही, तसं दिसल्यास कोणताही सभासद काम थांबवू शकेल आणि थांबलेल्या वेळेचा भुर्दंड कामगारांच्या मजुरीवर पडणार नाही. यातला शेवटचा भाग वगळू नका, कारण त्याच्याविना पहिला भाग कागदावरच राहतो. पंचवीस वर्षं वीज देणाऱ्या यंत्रणेसाठी दोन दिवस नीट काम करायला आपल्याकडे वेळ आणि पैसा नाही, असं सदाशिव पेठेतल्या कोणत्याही सोसायटीला म्हणता येणार नाही.